कोल्हापुरातील सुशी: आधी टेबलावर, मग काउंटरवर

कोल्हापुरात सुरू झालेल्या एका महागड्या जपानी उपाहारगृहात मी आतापर्यंत दोनदा जेवलो. पहिल्यांदा शनिवारी रात्री, थोरली बहीण आणि दाजी यांच्याबरोबर, आतल्या दालनातील टेबलावर; दुसऱ्यांदा पुढच्या मंगळवारी, एकटाच, शेफच्या समोरच्या काउंटरवर. स्वयंपाकघर तेच आणि तांदूळही तोच होता, तरीही दोन्ही जेवणांत इतका फरक पडला की, पहिल्याच भेटीवर लिहिले असते तर त्या जागेवर अन्याय झाला असता आणि केवळ दुसऱ्या भेटीवर लिहिले असते तर वाचणाऱ्यांवर. पुढे एक गंभीर तक्रार येणार आहे. ती मी व्यवस्थापकांना समक्ष सांगितली आहे, म्हणून येथे नाव देत नाही.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. कच्च्या माशाच्या नुसत्या कापांना साशिमी म्हणतात. सुशीचा प्राण आहे तो भात, तांदळापासून केलेला सिरका, मीठ आणि थोडी साखर घालून मुरवलेला. या पदार्थाचे मूळही भातातच आहे. मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात महिनोन्‌महिने आंबवत ठेवायचा आणि खाताना भात टाकून द्यायचा, अशी जुनी रीत होती. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात त्या रीतीचा मासा आजही करतात. आज आपण जिला निगिरी म्हणतो, ती हाताने वळलेल्या भातावर माशाची काप ठेवलेली सुशी 1820 च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत रूढ झाली आणि तिचे श्रेय बहुतेक वेळा हानाया योहेई या विक्रेत्याला दिले जाते. ती गाड्यावर उभ्याने, वळल्या वळल्या खायची वस्तू होती. हे एवढ्यासाठी सांगितले की, सुशीच्या कोणत्याही जागेची परीक्षा मी भातावरून करतो आणि या जागेची परीक्षाही तशीच केली.

शनिवारी आम्ही सोळा नगांचे ताट मागवले. ते यायला जवळजवळ अर्धा तास लागला. ताट देखणे होते, मासा स्वच्छ आणि चमकदार होता, पण पहिलाच घास तोंडात घातला तेव्हा भात थंडगार आणि टणक लागला. दाजींनी दुसरा नग खाऊन झाल्यावर सांगितले, "मासा झकास आहे, पण भात कालचा वाटतोय." भात कालचा नसावा, मात्र तो फ्रीजमध्ये तरी राहिला होता किंवा वळून झालेले ताट एसीच्या झोतात बराच वेळ थांबले होते, याविषयी मला शंका नाही. शिजलेल्या भातातील पिष्ट गार झाले की पुन्हा घट्ट होते आणि शीत न्‌ शीत कडक पडते. म्हणूनच फोडणीच्या भाताला आपण मुद्दाम रात्रीचा भात घेतो. सुशीला नेमके उलटे हवे असते: भात अंगाच्या उबेइतका कोमट असावा आणि त्यावरचा मासा त्याहून थोडा गार. तो फरक जिभेवर कळतो आणि त्यातच निम्मी चव असते. माकीची, म्हणजे गुंडाळीची, तीच गत झाली होती. बाहेरची नोरी, म्हणजे समुद्रशेवाळाचा वाळवलेला पापुद्रा, भातातील ओल शोषून चिवट झाली होती आणि दातांनी ओढून तोडावी लागत होती.

आता तक्रार. माझी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, चातुर्मासात मांसमच्छी खात नाही. तिच्यासाठी काकडीची माकी, अव्होकाडोची माकी आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घातलेले सूप मागवले. सूप शाकाहारी आहे का, असे मी वेटरला स्पष्ट विचारले. त्याने मेनूकार्डावरचा हिरवा ठिपका दाखवला आणि सांगितले, "हो सर, त्यात फक्त टोफू आणि कांद्याची पात आहे." वाटी समोर आली, झाकण उघडले आणि अक्का वाटी ओठांशी नेणार तोच दाजींनी तिचा हात धरला. दाजींचे बालपण मालवणात गेले आहे. वाफेबरोबर आलेला धुरकट, सुकटीसारखा वास त्यांनी क्षणात ओळखला. शेफला विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, सूपाचा आधार दाशी आहे आणि दाशीत कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाबरोबर कात्सुओबुशी असते. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो माशाचा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवलेला तुकडा. तो पातळ किसून पाण्यात घालतात.

पारंपरिक मिसो सूपात मासा असतो, यात चुकीचे काहीच नाही. चूक आहे ती त्याच्यापुढे हिरवा ठिपका लावण्यात आणि वेटरला त्याची माहिती न देण्यात. ज्या घरांत वार पाळले जातात, चातुर्मास पाळला जातो, ज्या गावात जैन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तेथे ही चूक साधी म्हणता येत नाही. व्यवस्थापकांनी माफी मागितली, वाटी परत नेली आणि पाव तासाने कोंबू व वाळवलेल्या शिताके अळंब्यांच्या पाण्यातले सूप आणून दिले, त्याचे पैसेही घेतले नाहीत. ते सूप उत्तम होते. कोंबूच्याच पाण्यावर काम करून किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये उमामी ही रश्श्याला खोली देणारी चव वेगळी ओळखली होती, तेव्हा माशाशिवायही सूपाला खोली येते हे जपानी स्वयंपाकाला माहीत आहेच. बौद्ध मठांतले जेवण तर त्याच आधारावर उभे आहे. मग जी गोष्ट पाव तासात होऊ शकते, ती कार्डावर वेगळी का लिहू नये? मंगळवारी गेलो तेव्हा तो हिरवा ठिपका तसाच होता.

त्या रात्रीच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्जही आधीच लावलेला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. सांगितल्यावर तो लगेच काढला गेला, वाद झाला नाही. पण सांगावे लागले.

तरीही मी पुन्हा गेलो, ते माशाच्या त्या कापांसाठी. एवढा नीट मासा कापणारा माणूस भात बिघडवणार नाही, असे मनात राहून गेले होते.

काउंटरवर सात खुर्च्या आहेत. शेफ दार्जिलिंगकडचा, वयाने तिशीतला, मुंबईत काम शिकून आलेला. हिंदीत बोलतो आणि विचारले तेवढेच बोलतो. मी ओमाकासे घेतले, म्हणजे काय खायचे ते त्याच्यावर सोपवले. मी बसलो तेव्हा तो नुकताच शिजलेला भात एका रुंद, उथळ लाकडी परातीत उपसत होता. एका हाताने सिरका शिंपडत तो लाकडी उलथण्याने भात कापल्यासारखा परतत होता आणि मदतनीस पंख्याने वारा घालत होता. भात ढवळला की शिते मोडतात आणि लगदा होतो, म्हणून तो कापल्यासारखाच हलवतात. वाऱ्याने वरची वाफ जाते आणि प्रत्येक शिताला चकाकी येते. परातीवर ओले फडके पडले आणि मग पहिली निगिरी आली.

ती वळताना मी अगदी जवळून पाहिली. त्याने बोटे सिरक्याच्या पाण्यात बुडवून हातावर टाळी दिली, उजव्या हातात सुपारीहून थोडा मोठा भात घेतला, डाव्या तळव्यावर माशाची काप ठेवून तिच्या पोटाला वासाबीचे, म्हणजे झणझणीत हिरव्या चटणीचे, बोट लावले, भात त्यावर टेकवला, दोन बोटांनी दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. सगळे मिळून पाच-सहा सेकंद. वर सोया सॉसचा एक हात कुंच्याने फिरवून त्याने ती माझ्यासमोरच्या पाटावर ठेवली आणि ठेवताक्षणी ती निगिरी केसभर खाली बसली. आतल्या शितांमध्ये हवा राहिली असेल तरच असे होते. हाताने उचलली तर मोडली नाही आणि तोंडात गेल्यावर मात्र शित न्‌ शित सुटे झाले. शनिवारच्या ताटातला भात आणि हा भात एकाच परातीतले असू शकतात, यावर विश्वास बसत नाही.

आपल्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि पेला हातात आला की माणूस तेथेच उभा राहून ते फेसाळ, धारोष्ण दूध संपवतो. ते कोणी डब्यात भरून घरी नेत नाही, कारण घरी पोहोचेपर्यंत ते नुसते दूध उरते. निगिरीचे अगदी तसेच आहे. ती पाटावर ठेवल्यापासूनचे पहिले अर्धे मिनिट तिचे असते. फोटो काढण्यात ते घालवू नये, एवढी माझी विनंती आहे. सोया सॉस लावायचाच असेल तर भाताला न लावता माशाच्या बाजूला टेकवावा, आणि आल्याचे गुलाबी लोणचे, गारी, सुशीवर न ठेवता दोन नगांच्या मध्ये जीभ साफ करायला खावे.

आलेल्या नऊ प्रकारांतला सर्वांत सरस होता तो साबा, म्हणजे एका जातीचा बांगडा. तो आधी मिठात आणि नंतर सिरक्यात मुरवलेला असतो, त्यामुळे कच्चेपणाची भीती वाटणाऱ्याने सुरुवात त्याच्यापासून करावी. आपल्या जिभेला बांगड्याचा तेलकट उग्रपणा ओळखीचा आहे आणि सिरक्याने तो आटोक्यात आलेला असतो. ट्यूना चांगला होता. सॅमन नॉर्वेचा होता आणि मऊ होता. कच्चा सॅमन हा सुशीचा अगदी प्राचीन भाग वाटतो खरा, पण जपानमध्ये तो रुळला 1980 च्या दशकात नॉर्वेने केलेल्या प्रचारानंतर. अंड्याची गोडसर घडी, तामागो, मला जास्त गोड लागली. शेवटी तेमाकी, म्हणजे नोरीत हाताने गुंडाळलेला सुशीचा शंकू, आली, ती शेफने पाटावर ठेवली नाही, थेट हातात दिली, आणि नोरी पापडासारखी कुरकुरीत मोडली.

कच्च्या माशाविषयी घरी मला सर्वांनी विचारले, म्हणून लिहितो. सुशीसाठी ताजा म्हणजे सकाळी पकडलेला, असा अर्थ नसतो. जंत मरावेत म्हणून बहुतेक मासा उणे 20 अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा उणे 35 अंशांना गोठवून पंधरा तास ठेवण्याचा दंडक अमेरिकेतील अन्न नियमांत आहे, आणि कोणत्याही जागी तो पाळतात का, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. येथे मी विचारले. मासा गोठवलेलाच मुंबईहून रात्रीच्या गाडीने आठवड्यातून दोनदा येतो, असे सांगून शेफने डीप फ्रीजरचे तापमान दाखवले. नदी-तळ्यातला मासा मात्र कोणीही घरी कच्चा खाऊन पाहू नये. त्यातील परजीवींचा धोका वेगळा आणि मोठा आहे. गर्भवती स्त्रियांनीही कच्चा मासा टाळावा.

वासाबी ट्यूबमधली होती. खऱ्या वासाबीचा कंद किसल्यावर त्याचा झणका पाव तासात उतरतो, तो फार महाग असतो आणि म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश आणि मोहरीची हिरवी रंगवलेली चटणीच मिळते. शेफने ते लपवले नाही, याचे मला बरे वाटले.

मी त्याला आजऱ्याच्या घनसाळविषयी विचारले. आपल्या या तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, म्हणून सुशीला तो का चालू नये, असे वाटत होते. शेफने तो घरी करून पाहिला होता. सिरका घातल्यावर शिते एकमेकांना धरत नाहीत आणि तांदळाचा स्वतःचा सुवास माशावर चढतो, असे तो म्हणाला. थोडा विचार केल्यावर पटले. घनसाळ पांढऱ्या रश्श्याबरोबरच शोभतो. सुशीला आखूड, जाड, चिकट दाण्याचा जपानी तांदूळच हवा.

मेनूत मेयोनीजने माखलेल्या आणि शेजवान चटणीच्या माकीही आहेत. त्या खपत असतील, पण त्यांत भात आणि मासा दोन्ही कळत नाहीत. त्या पैशांत साबाच्या दोन निगिरी जास्त घ्याव्यात. टेम्पुरा, म्हणजे जपानी पद्धतीची भजी, मी मागवला नाही.

ओमाकासेचे माणशी तीन हजार दोनशे रुपये आणि वर पाच टक्के जीएसटी, असे मंगळवारचे बिल झाले. कोल्हापुरात ही रक्कम मोठी आहे, पण त्या भातासाठी मी ती पुन्हा देईन. काउंटरची जागा दोन दिवस आधी फोन करून मागावी, संध्याकाळी सातच्या सुमारास, भात परातीत पडतो तेव्हा पोहोचावे आणि चौघांहून जास्त असाल तर दोन वेळा जावे. आतल्या टेबलावर बसून निगिरी मागवू नये. अक्काला मात्र मी पुन्हा नेलेले नाही. सूपापुढचा हिरवा ठिपका मेनूकार्डावरून निघेल, तेव्हा नेईन.