नॉकआउट कप: सव्वा हंगाम पाहिल्यावर, दोन जीबीच्या हिशोबात

गणेशचतुर्थीची रात्र, २०२५. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मांडवांचे भोंगे गप्प झाले आणि साडेबाराला इंग्लंडच्या लीग कपचा फुटबॉल सामना लागला. चौथ्या पातळीवरचं ग्रिम्सबी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध २-० पुढे, मग २-२, मग एकूण २६ पेनल्टी आणि निकाल १२-११. अशी एक रात्र दाखवून कप पुढचे तीन महिने आपल्याला गिऱ्हाईक करून ठेवतो. तक्रार त्या तीन महिन्यांबद्दल आहे.

फॉरमॅट सगळ्यांना माहीत आहे, हरला तो बाहेर, ते सोडा. पाहायची गोष्ट एकच: दुसरा गोलकीपर. सामन्याच्या तासाभर आधी टीम जाहीर होते, तेव्हा स्ट्रायकर कोण हे बघत बसू नका, गोलात कोण आहे ते बघा. लीगमध्ये, म्हणजे हंगामभराच्या साखळी सामन्यांत, बाकावर बसणारा गोलकीपर गोलात असेल तर समजा की मॅनेजरने सामना बाजूला ठेवलाय. पुढचे सात-आठ बदल त्याच यादीत सापडतील. दोष मॅनेजरचाही नाही. इंग्लंडचा दुसरा नॉकआउट कप म्हणजे एफए कप, त्याची फायनल जिंकल्याचं बक्षीस २० लाख पौंडांच्या घरात, आणि सगळ्यात वरच्या साखळीत, प्रीमियर लीगमध्ये, एक क्रमांक वर सरकलं तरी त्याहून जास्त पैसे मिळतात. लीग कप जिंकणाऱ्याला तर फक्त १ लाख पौंड. एवढ्यासाठी शनिवारचा पहिला गोलकीपर बुधवारी कोण खेळवेल?

आता खर्च. हिवाळ्यात तिकडचा पावणेआठचा सामना आपल्याकडे रात्री सव्वाला येतो. रोजच्या दोन जीबीच्या पॅकचा कोटा मध्यरात्री नवा होतो, म्हणजे सामना उद्याचा डेटा खातो. एचडीत तासाला अडीच जीबी धरा, हाफटाइमच्या आसपास चक्र फिरायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना फोन कोरडा. ४८० पीवर तासाला पाऊण जीबीच्या आत भागतं. मध्यांतराची पंधरा मिनिटं अॅप पूर्ण बंद करा, जाहिरातीही डेटाच खातात. एफए कपात एक्स्ट्रा टाइम झाला तर पेनल्टी पावणेचारच्या पुढे, सगळं उरकायला चार. लीग कपमध्ये फायनलच्या आधी, सेमीचा दुसरा लेग (सेमी दोन सामन्यांची असते) सोडला, तर एक्स्ट्रा टाइम नाही, नव्वद मिनिटांनंतर सरळ पेनल्टी. नुसत्या काटकसरीच्या नजरेने पाहिलं तर लीग कप स्वस्त, आणि हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

२०२४-२५ पासून एफए कपच्या पहिल्या राउंडपासूनचे रीप्ले, म्हणजे बरोबरी झाली की पुन्हा खेळायचे सामने, काढून टाकले. तेव्हा मला हा बदल पटला होता: एकच रात्र, एकदाच डेटा. वर्षभराने मत फिरलंय. कपच्या आठवणीतले मोठे क्षण रीप्लेतलेच आहेत. १९७२ मधला न्यूकॅसलविरुद्ध हेरफर्डच्या रॅडफर्डचा चिखलातला गोल, १९९९ च्या सेमीत आर्सेनलविरुद्ध मँचेस्टर युनायटेडच्या गिग्जची गोलपर्यंतची धाव, दोन्ही रीप्लेत. छोट्या क्लबसाठी तर तो दुसऱ्या तिकीटविक्रीचा दिवस होता, कारण गेटचे पैसे दोघांत ४५-४५ टक्के वाटले जातात. २००५ मध्ये पाचव्या पातळीवरच्या एक्सेटरने ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० केलं, रीप्ले २-० ने हरले, पण त्या दोन सामन्यांच्या कमाईवर कर्जबाजारी क्लबाला श्वास घेता आला. आज तोच सामना एक्स्ट्रा टाइममध्ये निकाली निघाला असता आणि एक्सेटर एकाच गेटच्या हिश्श्यावर घरी गेलं असतं.

दोन स्टार देऊन हे संपवणार होतो. पण माझा गोलकीपरचा नियम जिथे फसला तेही सांगायला हवं. २०२२ ची लीग कप फायनल ०-० राहिली. चेल्सीने खास पेनल्टीसाठी दुसरा गोलकीपर केपाला शेवटच्या मिनिटांत आणलं, तर लिव्हरपूलचा दुसरा गोलकीपर केलेहर पहिल्यापासून गोलात. ११-१० मधली अकरावी त्यानेच मारली आणि केपाची बारच्या वरून गेली. मे २०२५ च्या एफए कप फायनलला मँचेस्टर सिटीने पुन्हा दुसऱ्या गोलकीपरला, ऑर्टेगालाच उभं केलं, आणि क्रिस्टल पॅलेसच्या पहिल्या गोलकीपरने, हेंडरसनने, मार्मूशची पेनल्टी अडवली. एझेच्या एका गोलावर पॅलेसचा पहिला मोठा चषक. त्याआधी मार्चमध्ये न्यूकॅसलने लीग कप घेतला, १९५५ नंतरचा त्यांचा पहिला देशांतर्गत चषक. या दोन्ही फायनल आपल्याकडे रात्री नऊ आणि दहाला, डोळे न चोळता पाहण्यासारख्या. एफए कपात दुसऱ्या पातळीवरच्या प्लायमथने लिव्हरपूलला १-० ने बाहेर काढलं ती रविवारची वेळही साडेआठची, जेवणं चालू असतानाची.

म्हणून अडीच स्टार. वापरायची पद्धत अशी: सव्वाच्या सामन्याला दोन्ही बाजूंचा पहिला गोलकीपर नसेल तर झोपा, सकाळी पाच मिनिटांचे हायलाइट्स पुरतात. मात्र हायलाइट्सच्या चित्रावरच स्कोअर छापलेला असतो, तेवढा भाग अंगठ्याने झाकून उघडा. क्वार्टर फायनलपासून जागा. आणि जानेवारीचा तिसरा राउंड उत्तरायणाच्या तोंडावर येतो. त्या आठवड्यात गच्च्यांवरून ओढलेल्या ब्रॉडबँडच्या वायरीत पतंगाचा दोरा अडकून लाइन गेली, तर सोमवारपर्यंत कोणी येत नाही. मोबाइलचे दोन जीबी त्या रात्रीसाठी राखून ठेवा.