स्त्री अभ्यासाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम : सोलापुरातील एक परीक्षण

सोलापुरातील एका महाविद्यालयात चालणारा स्त्री अभ्यासाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम कोणत्याही एका विभागाच्या मालकीचा नाही, आणि हेच त्याचे बळ आहे. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा आणि मराठीचे प्राध्यापक एकच प्रश्न आपापल्या बाजूने उलगडतात.

विडी कामगार स्त्रियांवरील सत्र सर्वांत सरस वाटले. तेंदूची पाने भिजवून कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे हे काम घरीच होते आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरते. त्यामुळे आईच्या शेजारी बसून पाने कापणाऱ्या मुलीचे श्रम हिशेबात दिसतच नाहीत, हे अर्थशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर आकडेमोड करून दाखवले. त्यावर कायद्याच्या सरांनी १९७६ चा समान वेतन कायदा पुढे ठेवून विचारले की, जे काम जवळजवळ स्त्रियाच करतात, तिथे तुलना करायची कोणाशी? वर्गात बराच वेळ उत्तर आले नाही.

१८८२ साली प्रसिद्ध झालेली ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ मुळातून वाचून घेतली जाते, हे विशेष. मात्र स्त्रियांच्या स्थितीविषयीचा १९७४ चा राष्ट्रीय अहवाल घाईघाईत उरकला जातो. ग्रंथालयातील संदर्भग्रंथ बहुतांशी इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातील विद्यार्थिनींची ओढाताण होते, आणि संध्याकाळची वेळ अक्कलकोट, मोहोळकडून येणाऱ्यांना परवडणारी नाही. मुलगे मोजकेच असतात. समाजकार्य किंवा वकिलीकडे वळू इच्छिणाऱ्या मुलांनी तरी प्रवेश जरूर घ्यावा.