मुद्रा कर्जाच्या नावाखाली माझे २३,८५० रुपये गेले

सोलापुरात आमचा शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय आहे, मी आणि जाऊबाई मिळून करतो. दिवाळीच्या ऑर्डरी हाताने कुटून उरकेनात, म्हणून कांडप मशीन घ्यायचं ठरवलं. छोट्या धंद्यांसाठीच्या मुद्रा या सरकारी योजनेतलं कर्ज काढायला बँकेत तीन हेलपाटे झाले. कधी कोटेशन आणा, कधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आणा, कधी साहेब रजेवर.

त्याच आठवड्यात फोन आला. "ताई, मुद्रा ऑफिसातून बोलतोय, तुमचं तीन लाखांचं कर्ज मंजूर झालंय." मशीन केवढ्याचं, महिन्याला माल किती जातो, सगळं त्याने आपुलकीने विचारलं. बँकेत इतकं कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच भुलले.

व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र आलं. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, व्याज २ टक्के. आधी फाइल चार्ज १,९५०, मग विमा ८,४००, मग जीएसटी म्हणून १३,५००. "हे सगळं कर्जासोबत परत मिळणार." भिशी उचलून भरले. एनओसीसाठी, म्हणजे ना-हरकत दाखल्यासाठी, आणखी १८,००० मागितले तेव्हा पुतण्याने मोबाइल हातात घेतला. तिन्ही वेळा पैसे वेगवेगळ्या माणसांच्या यूपीआयवर गेले होते. सरकारी ऑफिसचे पैसे असे कुणाच्याही नावावर कसे जातील? हे मला का सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

बँकेत गेल्यावर कळलं, मुद्रा ही संस्था आपल्याला थेट कर्ज देतच नाही. ती बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना पैसा पुरवते. कर्ज मंजूर करते ती बँक. शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, आणि त्याला तारण लागत नाही. मुद्राने कुठेही एजंट नेमलेले नाहीत. उद्यम नोंदणीही फुकट होते, तिचेसुद्धा पैसे घेणारे आहेत.

लाजेपायी मी चार दिवस गप्प बसले. बायांनो, ही चूक करू नका. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत ते ज्या खात्यात गेले ते खातं गोठवता येतं. माझे तोवर निघून गेले होते. आधार, पॅन आणि कोरा चेकही त्याच्याकडे गेलाय, म्हणून माझ्या नावावर भलतंच कर्ज निघालं नाही ना, हे पाहायला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढला. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.

परवा गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी मोबाइल दाखवला. तेच पत्र, तोच जावक क्रमांक, फक्त नाव त्यांचं.