उघड्या हार्ड डिस्कसाठी डॉक: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे दोन-तीन सीझनमध्येच डिस्कचा ढीग साठतो. प्रत्येकीला वेगळं केसिंग घेण्यापेक्षा मी मेच्या अखेरीस दोन खाचांचा यूएसबी ३.० डॉक घेतला, म्हणजे उघडी डिस्क केबलने संगणकाला जोडणारं स्टँड. ३.५ इंची असो वा लॅपटॉपमधली २.५ इंची, साटा (डिस्क जोडण्याचा नेहमीचा प्रकार) डिस्क खाचेत उभी बसवायची, बटण दाबायचं, की झालं. स्क्रू नाही, केबलची ओढाताण नाही. या सोयीमुळेच प्रत्येक कामाची दुसरी कॉपी त्याच रात्री काढली जाते, आणि माझ्या लेखी डॉकची खरी किंमत तेवढ्यातच वसूल झाली.

वेगाबद्दल तक्रार नाही. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या) डिस्कवर मोठ्या फायली सुरुवातीला सेकंदाला १५० ते १७० एमबीने जातात, डिस्क भरत आली की शंभराच्या खाली येतात. ही मर्यादा डिस्कची, डॉकची नव्हे. मात्र केबल जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावली, तर वेग चाळीसच्या आसपासच रेंगाळतो.

उष्णता मात्र गांभीर्याने घ्या. डॉकला पंखा नाही. ४ टीबीची डिस्क पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात, तोवर तिला हात लावला की चटका जाणवतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमान पन्नाशीकडे सरकताना दिसलं, तेव्हा शेजारी टेबलफॅन लावला. थोड्या वेळात ते चाळिशीच्या घरात आलं. म्हणून डॉक चोवीस तास चालू ठेवायच्या कामाचा नाही, त्यासाठी नास, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा स्वतंत्र डबा, घ्यावा.

दोन खाचांच्या डॉकची एक खोड सांगायलाच हवी. एका डिस्कवर कॉपी चालू असताना दुसऱ्या खाचेत डिस्क घातली, की माझ्या डॉकवर पहिलीही क्षणभर सुटते आणि कॉपी अर्धवट तुटते. दोन्ही डिस्क आधी बसवा, मगच बटण दाबा. समोरच्या क्लोन बटणापासूनही सांभाळून राहा. संगणकाशिवाय ते एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवतं, म्हणजे दुसरीवरचं सगळं पुसून. मी त्यावर सरळ चिकटपट्टी लावून टाकली आहे.

आमच्याकडे लाइट कधीही जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, पण ३.५ इंची डिस्कला लागणारे १२ व्होल्ट भिंतीवरच्या अडॅप्टरमधूनच येतात. तो यूपीएसवर नसेल तर लिहिता लिहिता डिस्क बंद पडणार. काढतानाही आधी इजेक्ट करा, बटण बंद करा आणि आतली घरघर पूर्ण थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद हात लावू नका. फिरती डिस्क हिसक्याने उचलली तर हेडला (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या आतल्या भागाला) इजा होऊ शकते.

घेताना डॉक किती टीबीपर्यंत चालतो ते बघा. काही जुने डॉक २ टीबीपुढे जात नाहीत. आणखी एक: काही डॉकमधली चिप मोठ्या डिस्कचे सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, वेगळ्या आकाराचे दाखवते. तिथे फॉरमॅट केलेली डिस्क थेट संगणकाच्या आत जोडली, तर ती कोरी असल्यासारखी दिसते आणि विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारतं. तेव्हा हो म्हणू नका, डिस्क परत त्याच डॉकला लावा आणि डेटा आधी दुसरीकडे काढून घ्या. नवा डॉक आला की एका रिकाम्या डिस्कवर हे तपासून मगच कामाच्या डिस्क त्यात घाला.