पॉली पॅव्हिलियनमधली यूसीएलएची जिम्नॅस्टिक्स मीट: एलएच्या आसपास असाल तर एकदा तरी जाच

एलए किंवा ऑरेंज काउंटीत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय, कारण आपण लेकर्सच्या मॅचला जातो, डिस्नेला तर पाहुणे आले की जातोच, पण यूसीएलए युनिव्हर्सिटीच्या वेस्टवुडमधल्या कॅम्पसमध्ये ऑलिंपिक मेडल जिंकलेली मुलगी डोळ्यांसमोर खेळताना बघायला मिळते हे फार कमी लोकांना माहिती आहे. आम्ही 2025 च्या सीझनमध्ये गेलो होतो, मी, नवरा, आमची मुलगी (तीसुद्धा जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला जाते) आणि साताऱ्याहून आलेले सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो.

मुख्य आकर्षण जॉर्डन चाइल्स, अमेरिकेची ऑलिंपिक जिम्नॅस्ट आणि यूसीएलएच्या टीममधली मुलगी. टीव्हीवर तिचं नाव ऐकलेलं असतं ते 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या फ्लोअरच्या (मॅटवर संगीताच्या तालावर उड्या आणि नाच) त्या ब्राँझमुळे. आधी 13.666, कोचने दाद मागितल्यावर 13.766 आणि ब्राँझ, आणि मग काही दिवसांनी क्रीडा लवाद म्हणतो की एका मिनिटाच्या मुदतीपेक्षा 4 सेकंद उशीर झाला, म्हणून मेडल रोमानियाच्या आना बारबोसूला. मला त्यात बारबोसूचा काही दोष वाटत नाही, पण स्पर्धेच्या हॉलमध्ये स्वीकारलेली तक्रार नंतर घड्याळ दाखवून रद्द करायची आणि पोरीच्या हातातलं मेडल मागायचं हे अजूनही पटत नाही. तर अशा सगळ्या मनस्तापानंतर ही मुलगी जानेवारीत परत कॉलेजच्या टीमबरोबर उभी राहिली आणि प्रिन्सच्या गाण्यांवर जांभळ्या कपड्यांत असं फ्लोअर केलं की व्हिडिओ सगळीकडे फिरला. मी तो फोनवर किती वेळा बघितला असेल, पण प्रत्यक्षात बघणं वेगळंच.

कारण टीव्हीवर आवाजच कळत नाही हो. टम्बलिंगला धावत येते तेव्हा फ्लोअरखालच्या स्प्रिंगांचा धडधड आवाज येतो, लँडिंगला मॅट दणकतं, बार्सवर (कमी-जास्त उंचीचे दोन आडवे दांडे) हात पकडताना अख्खा बार वाकून करकरतो आणि चॉकची पांढरी धूळ लाइटमध्ये उडताना दिसते. साइडला तिच्या टीममधल्या मुली तिच्या फ्लोअरच्या सगळ्या स्टेप्स तोंडपाठ असल्यासारख्या तिच्याबरोबर करत असतात. आणि बीमच्या (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) वेळी एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पब्लिक एकदम शांत, 10 सेंटिमीटर रुंदीची पट्टी, जमिनीपासून सव्वा मीटर उंच, त्यावर बॅकफ्लिप मारायची. अण्णांनी शाळेत असताना मल्लखांब केलाय, ते बाकी स्कोअर वगैरे काही बघत नव्हते, फक्त पायाचे अंगठे आणि गुडघे बघत होते, आणि हँडस्टँड जरा तिरका गेला की जजच्या आधी त्यांच्या तोंडून ‘च्च’ निघायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी स्कोअरिंगचं थोडं सांगते, नाहीतर काही कळत नाही. ऑलिंपिकला अवघडपणाचे मार्क वेगळे आणि सफाईचे वेगळे, त्यामुळे तिथे 13-14 असे आकडे दिसतात. कॉलेजमध्ये अजून जुना दहाचा हिशोब आहे. प्रत्येक इव्हेंटला सहा जणी, त्यातल्या पाच जणींचे मार्क धरतात, चार इव्हेंट, म्हणजे एकूण 200 पैकी, चांगल्या टीम 197-198 पर्यंत जातात. लँडिंगला पाय किंचित सरकला तरी मार्क जातात, म्हणून कुणी पाय रोवून उभी राहिली की सगळं स्टेडियम उठतं. ऑलिंपिकच्या टीम फायनलला प्रत्येक इव्हेंटला तीनच जणी आणि तिघींचेही मार्क धरले जातात, एक पडली की संपलं. इथे एकीचं बिघडलं तर तिचे मार्क सोडून देता येतात, आणि मला वाटतं म्हणूनच या मुलींच्या चेहऱ्यावर हसू दिसतं. चाइल्सने स्वतः ते दुसरं टोक बघितलंय, टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची सगळ्यात मोठी स्टार सिमोन बाइल्स टीम फायनलमधून बाहेर पडली तेव्हा ऐनवेळी बार्स आणि बीमला हिला उतरवलं आणि तिने निभावून नेलं, टीमला सिल्व्हर मिळालं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे करिअर. आपल्या डोक्यात असतं की मुलींचं जिम्नॅस्टिक्स म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी सगळं संपतं. चाइल्सचा जन्म 2001 चा. 2021 ला टोकियो, मग यूसीएलए, 2022 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं टीम गोल्ड, 2023 ला कॉलेजची बार्स आणि फ्लोअर दोन्हीची नॅशनल चॅम्पियन, मग कॉलेजमधून ब्रेक घेऊन पॅरिस आणि टीम गोल्ड, परत येऊन 2025 ला पुन्हा बार्सची चॅम्पियन, आणि यूसीएलएची टीम ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या मागे दुसरी. हे आधी शक्यच नव्हतं, कारण जाहिरातीचे पैसे घेतले की कॉलेजकडून खेळता यायचं नाही. बाइल्सचंसुद्धा यूसीएलएला जायचं ठरलं होतं पण प्रोफेशनल झाल्यामुळे ते राहिलं. जुलै 2021 मध्ये नियम बदलला आणि त्या पिढीतल्या मुलींना दोन्ही करता आलं. ऑलिंपिक खेळलेली सुनी ली ऑबर्न युनिव्हर्सिटीत गेली, जेड कॅरी ओरेगन स्टेटला, आणि पॅरिसच्या पाच जणींच्या गोल्ड टीममध्ये या दोघी आणि चाइल्स अशा तिघी कॉलेजमध्ये खेळलेल्या होत्या.

आणि याच यूसीएलएमध्ये केटलिन ओहाशी होती, जी 2013 च्या अमेरिकन कपला बाइल्सच्या पुढे पहिली आली, मग दुखापतींनी एलिट (आंतरराष्ट्रीय पातळीवरचं जिम्नॅस्टिक्स) सुटलं आणि कॉलेजमध्ये येऊन परत हसायला लागली, 2019 चं तिचं फ्लोअरचं दहा सगळ्यांनी बघितलंय. मुलीला जाताना गाडीत हे सगळं सांगितलं होतं. तिच्या क्लासमध्ये (नाव घेत नाही) पोरींच्या वजनावरून सर्रास बोलतात, त्यामुळे तिने वेगवेगळ्या अंगाच्या, वयाने मोठ्या, ताकदवान मुली एका टीममध्ये बघाव्यात असं मला फार वाटत होतं. परत येताना तिने वजनाबद्दल काही विचारलं नाही, चाइल्सच्या हाताला टेप कशी बांधतात ते विचारलं. मी त्यातच खूश.

आता कामाचं. तिकीट युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा, आम्ही घाईत एका रीसेल साइटवरून घेतली आणि शेवटच्या पानावर फी लावून भाव कुठल्या कुठे नेला. शक्यतो खालच्या रांगा घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, आवाज तिथेच ऐकू येतात. दोन टीम एकाच वेळी वेगवेगळ्या इव्हेंटवर असतात, सगळं बघायच्या नादात मान दुखते, त्यामुळे आधी ठरवा कुणाला बघायचं. घरची टीम व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), बार्स, बीम आणि शेवटी फ्लोअर करते, म्हणजे छोट्यांना झोप आली तरी फ्लोअर होईपर्यंत निघू नका. आठ टाळ्यांची ती यूसीएलएची घोषणा मुलांना घरी शिकवून न्या, अण्णांना दुसऱ्याच वेळी जमली. पारदर्शक बॅग न्या, आणि 405 फ्रीवेवरचं संध्याकाळचं ट्रॅफिक धरून लवकर निघा, घरून जेवूनच.

माझ्याकडून पाचपैकी पाच. सीझन जानेवारी ते एप्रिल असतो, आणि चार वर्षांचा हिशोब केला तर 2026 हे चाइल्सचं कॉलेजमधलं शेवटचं वर्ष, तेव्हा वेळापत्रक आलं की पुढेमागे करू नका.