इग्निशनचं लॉक अडकतंय: जुनंच उघडून घ्यावं की नवं बसवावं?

किल्ली आत जाते, पण फिरत नाही. स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, किल्ली केसभर मागे ओढायची, पुन्हा जोर लावायचा, मग एकदाची फिरते. वीस वर्षांची गाडी घरात असेल तर हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच की आहे ते लॉक उघडून नीट करून घ्यावं की नवं बसवावं.

माझ्याकडे दोन्ही करून झालंय. ओम्नीला नवं लॉक बसवलं, झेनचं जुनंच उघडून घेतलं. ओम्नी बागेच्या कामाची, नाशिकच्या मखमलाबादहून दिंडोरीकडे रोजची ये-जा. झेन आबांची, 1999 ची, 2014 पासून दर पाच वर्षांनी पेठ रोडच्या आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करून जपलेली. रस्ता तोच, धूळ तीच. द्राक्षावर गंधकाची धुरळणी चालू असली की खिशातल्या किल्लीवरसुद्धा पिवळी भुकटी बसते आणि ती थेट लॉकमध्ये जाते. त्यामुळे दोघींनी सारखंच सोसलंय असं धरायला हरकत नाही.

पैसे खर्च करण्याआधी घरात पडून असलेली दुसरी किल्ली शोधा. कपाटातली, फारशी न वापरलेली. ती लावल्यावर लॉक सहज फिरलं तर लॉक बरं आहे, रोजची किल्ली झिजलीय. आत पितळेच्या चपट्या पत्त्या असतात, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. किल्लीच्या खाचा बरोबर खोलीच्या असल्या तरच सगळ्या पत्त्या एका रेषेत येतात आणि बॅरल, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग, फिरतो. एक पत्ती जरा वर राहिली तरी बॅरल धरून ठेवते. म्हणून झिजक्या किल्लीवरून डुप्लिकेट काढणं म्हणजे झीज नव्या किल्लीवर उतरवून घेणं. आम्ही ओम्नीला ही चूक दोनदा केली.

दुसरं, गाडी उतारावर किंवा चाक फुटपाथला टेकवून लावली असेल तर सगळा भार स्टेअरिंग लॉकच्या खिट्टीवर येतो. तेव्हा नवं लॉकही अडेल. स्टेअरिंग हाताने सैल धरून किल्ली फिरवा. आणि किल्ली मोकळी फिरते पण सेल मारत नाही, असं असेल तर दोष बहुधा लॉकच्या मागच्या इलेक्ट्रिक स्विचकडे किंवा त्याच्याही पुढे असतो. त्यासाठी लॉक बदलू नका.

तेलाबद्दल लोक फार खात्रीने बोलतात. माझा अनुभव असा की स्प्रे मारला की आठवडाभर लॉक लोण्यासारखं चालतं, मग पूर्वीपेक्षा जास्त अडतं. ओलसर तेलावर आपल्याकडची धूळ बसते आणि पत्त्यांभोवती चिखल होतो. कोरडी ग्रॅफाइट पावडर बरी. ती नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंना घासून किल्ली आत-बाहेर करा, पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइटच. फक्त आधी तेल मारलेलं असेल तर त्यावर पावडर टाकू नका, लापशी होते. या उपायाने झेनचं एक वर्ष निघालं. पण पत्ती झिजली असेल तर पावडर ती भरून काढत नाही.

आता मूळ प्रश्न. नवं लॉक बसवण्यात सुख आहे, हे आधी कबूल करतो. सकाळी गाडी गॅरेजला लावली, दुपारी घेऊन आलो. बहुतेक जुन्या गाड्यांत स्टेअरिंग लॉक कॉलमला अशा बोल्टने आवळलेलं असतं की कसताना बोल्टचं डोकं तुटून पडतं. काढताना छिन्नी नाहीतर ड्रिल लागतं, पण सराईत मिस्त्रीला ते अवघड नाही. ओम्नीची किल्ली त्या दिवसापासून दोन बोटांनी फिरू लागली आणि अजून फिरते. त्या लॉकबद्दल माझी काही तक्रार नाही.

झेनच्या वेळी भद्रकालीतल्या एका किल्लीवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी किल्ली उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, “शेठ, किल्ली म्हातारी झालीये. आधी तिला पुन्हा जवान करू, मग लॉककडे बघू.” किल्लीचा मूळ नंबर आमच्याकडे नव्हता. मग त्यांनी डाव्या दाराचं लॉक काढायला लावलं. ड्रायव्हर नेहमी उजव्या दाराने चढतो, डावीकडे किल्ली क्वचितच लागते, म्हणून त्या लॉकच्या पत्त्या जवळजवळ कोऱ्या असतात. त्यावरून मूळ खाचांची खोली मोजून त्यांनी नवी किल्ली कापली, मग इग्निशनचा बॅरल उघडला, मातकट काळा गाळ पेट्रोलने धुतला, झिजलेल्या तीन पत्त्या आणि दमलेल्या स्प्रिंगा बदलल्या. दोन फेऱ्या झाल्या, दीड दिवस गेला. खर्च नव्या लॉकच्या निम्म्याहूनही कमी. चार वर्षं झाली, लॉक चालू आहे. नव्यासारखं रेशमी म्हणणार नाही, किंचित खरखर लागते. पण अडलेलं नाही.

या कामातला धोका सांगायलाच हवा. घाईतला कारागीर किल्ली नवी न करता पत्त्याच कानशीने घासून झिजक्या किल्लीच्या मापाला आणतो, किंवा अडणारी पत्ती काढूनच टाकतो. लॉक त्याच दिवशी मोकळं फिरतं, तुम्ही खुश होऊन घरी येता, आणि काही दिवसांनी शेजाऱ्याची किल्लीही त्यात फिरते. म्हणून काम समोर बसून करून घ्या, काढलेल्या पत्त्या हातात मागा. आणि उशीर करू नका. बऱ्याच लॉकचा बॅरल किल्ली एका टप्प्यापर्यंत फिरली तरच बाहेर येतो. लॉक पूर्ण जाम झालं की ते फोडावंच लागतं, मग निवड उरत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, थोडे पैसे जास्त गेले तरी नवंच बरं. मीही तसंच म्हणत होतो. माझं मत फिरलं ते दोन किल्ल्यांमुळे.

फक्त इग्निशनचं लॉक बदललं की त्याची किल्ली वेगळी होते, दाराची जुनीच राहते. ऐकायला ही बाब क्षुल्लक वाटते. पण ओम्नीच्या दोन्ही किल्ल्या एकाच जातीच्या होत्या, तोच आकार, तीच जाडी. इग्निशनची किल्ली दाराच्या लॉकमध्ये पूर्ण आत जायची, फक्त फिरायची नाही. म्हणजे ज्या त्रासासाठी लॉक बदललं, नेमका तोच त्रास हाताला पुन्हा लागायचा. किल्ली फिरली नाही की कळायचं नाही, लॉक अडलंय की किल्ली चुकलीय. आणि वर्षानुवर्षं अडणारं लॉक वापरलेल्या माणसाला एकच सवय असते, जोर लावायची.

एका जानेवारीत निफाड-दिंडोरी पट्ट्यात थंडीची लाट होती. घडांमध्ये पाणी उतरायची वेळ, बागेला ऊब मिळावी म्हणून पहाटे पाणी सोडायचं, शेकोट्या करायच्या. लाईट रात्रीची. तीन वाजता मला उठवायला नको म्हणून आबा एकटेच ओम्नी काढायला गेले. वय चौऱ्याहत्तर, बोटं गारठलेली, बॅटरी तोंडात धरलेली. दारात किल्ली घातली, फिरेना. त्यांना वाटलं, लॉकच अडलंय. जोर लावला आणि किल्ली आत तुटली. ती इग्निशनची किल्ली होती. दार उघडेना, दुसऱ्या दाराने आत जाऊन उपयोग नाही कारण सुरू करायला किल्लीच नाही. दुसरा जोड माझ्या धाकट्या भावाकडे नाशिकरोडला. आबा घरात आले आणि काही न बोलता खुर्चीत बसून राहिले. मी झेन काढून बागेत गेलो तोवर तासभर गेला होता.

त्यानंतर इग्निशनच्या किल्लीला लाल टोपी घातली. अंधारात लाल आणि काळं सारखंच. मग दोरी बांधली, तीही महिन्यात निघाली. आईने तर ओम्नी चालवणंच सोडलं. लॉक उत्तम असूनही गाडी घरातल्या निम्म्या माणसांच्या हातातून गेली, आणि हे मला अजूनही लागतं.

यावर उपाय आहेच, पूर्ण लॉकसेट. इग्निशन, दारं, मागचं झाकण, सगळ्याला एक किल्ली. गाडी आणखी दहा वर्षं ठेवायची असेल आणि सेट चांगल्या बनावटीचा मिळत असेल तर मी त्याला नाही म्हणणार नाही. किल्ली हरवली किंवा चोरीला गेली असेल तर तोच योग्य, कारण जुन्या लॉकची किल्ली मग दुसऱ्याच्या हातात असते. पण दारांचे पॅनल उघडावे लागतात, वीस वर्षांच्या क्लिपा हटकून तुटतात आणि मग दार खडखडतं. बंद झालेल्या मॉडेलचा सेट शोधण्यात दिवस जातात ते वेगळंच. नवं काहीही बसवलं तर बिल सांभाळून ठेवा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी मूळ किल्ल्या मागते, तेव्हा किल्ल्या वेगळ्या का, याचं उत्तर त्या बिलात असतं.

किल्लीच्या मुठीत चिप असलेल्या गाडीला आणखी जपा. नुसती कापलेली किल्ली दार उघडेल, लॉकही फिरवेल, इंजिन मात्र चालू राहणार नाही. तिथे जुनी मूठ टाकून देऊ नका. एअरबॅगवाल्या स्टेअरिंगला तर घरच्या घरी हात लावूच नका.

काही गॅरेजवाले तिसरा मार्ग सुचवतात, वायरी जोडून बटण बसवून देतो म्हणून. त्यात स्टेअरिंग लॉक निकामी करावं लागतं आणि गाडी कुणीही ढकलून नेऊ शकतो. मी ते केलं नसतं.

एक मात्र थांबून बघण्यासारखं नाही. सेल मारल्यावर किल्ली आपोआप मागे येत नसेल, किंवा चालू गाडीतून किल्ली निघत असेल, तर गाडी आजच दाखवा. पहिल्यात स्टार्टर जळतो. दुसऱ्यात किल्ली ‘लॉक’च्या टप्प्यापर्यंत मागे गेली तर वळणावर स्टेअरिंग अडकू शकतं. लॉकचा सांगाडा, खिट्टी किंवा बॅरलचं घरच तुटलं असेल तर नवंच घ्या, पत्त्या बदलून ते सुधारत नाही.

एवढं नसेल, नुसतं अडत असेल, तर मी आधी किल्लीवाल्याकडे जाईन. येत्या छाटणीआधी ओम्नीची दारंही चाचांकडे नेणार आहे. पत्त्या बदलून ती इग्निशनच्या किल्लीला जुळवता येतील असं ते म्हणालेत. मग आबांच्या खुंटीवर त्या गाडीची एकच किल्ली असेल.