व्यायामाच्या प्रयोगात उंदरांसाठी ट्रेडमिल की चाक?
ट्रेडमिलवर वेग आणि चढ आपल्या हातात. पट्टा बंद कक्षात बसवून आत-बाहेर जाणाऱ्या हवेचं विश्लेषण केलं, की ऑक्सिजनचा कमाल वापरही मोजता येतो. दमेपर्यंत पळवण्याची चाचणी घ्यायची तर ट्रेडमिलच हवी. पण बहुतेक यंत्रांत मागच्या जाळीतला विजेचा सौम्य झटका उंदराला पळवतो. त्या ताणाने कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) वाढलं की चयापचयाचे आकडे गढूळ होतात. शिवाय उंदीर निशाचर, आणि आपण त्याला ऑफिसच्या वेळेत पळवणार!

पिंजऱ्यातल्या चाकावर तो रात्री आपणहून काही किलोमीटर धावतो. मात्र कोण किती धावला हे कळायला साध्या चाकासोबत प्रत्येकाला एकटं ठेवावं लागतं. आळशी उंदीर आळशीच राहतो, ते वेगळं. तरी काही आठवड्यांच्या व्यायामाने स्नायू कसे बदलतात हे पाहायचं असेल, तर मी चाकच घेईन.